सहाला दहा कमी

मेडशीत भाऊसिंगला ठाऊक नाही अशी गोष्ट नव्हती, आणि त्याला ठाऊक असलेली गोष्ट खरी निघाली असंही सहसा होत नव्हतं. आज पाऊस नाही म्हणाला की बाया दोरीवरचे कपडे काढायला धावत. अमका निवडून येतो म्हणाला की त्या उमेदवाराच्या पोटात गोळा येई. स्टँडवरच्या सैफुद्दीनच्या हॉटेलात सकाळ-संध्याकाळ बसून तो आभाळापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा निकाल लावत असे आणि घरी आला की उरलासुरला निकाल ललिताबाईला ऐकवत असे. तिनं त्या आवाजातच संसार केला, पोरं वाढवली, डोक्याचे केस पिकवले. नवरा चुकतो याचं तिला काही वाटत नसे. माणूस म्हटल्यावर चुकणारच. वाईट एवढंच वाटे की चुकलो हा शब्द त्याच्या तोंडून तिनं लग्न झाल्यापासून एकदाही ऐकला नव्हता.

आणि त्या एका शब्दापायी तिची रंजीता घराला तुटली होती. रंजीतानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, अकोल्याच्या प्रज्वलशी. पोरगा तेव्हा वरातीत क्यासिओ वाजवायचा. भाऊसिंगनं अंगणात उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा निकाल दिला होता, "बँडवाला! दिवाळीच्या आत रडत येते पाहा. अन् आली तं म्हणा, या घराची पायरी चढू नोको." दिवाळी आली आणि गेली, रंजीता काही रडत आली नाही. प्रज्वलनं क्यासिओ विकून मंडप-डेकोरेशनचं सामान घेतलं, धंद्यात जम बसवला, दोघांना एक गोड मुलगी झाली. प्रत्येक दिवाळी भाऊसिंगला खोटं पाडून जात होती आणि प्रत्येक दिवाळीला तो आणखी ताठ होत होता. पोरगीही त्याचीच. "बाबा तोंडानं ये म्हणत नाई तोवर मी पायरी चढत नाई," असं तिनं आईला निक्षून सांगितलेलं. मग ललिताबाईच डोळे दाखवायच्या निमित्तानं अकोल्याला जाऊन लेक-नात पाहून येई. इतक्यांदा जाऊन आली की शेजारची रीता एकदा काळजीनं म्हणाली, "काकू, नजर पार गेली का वो तुमची?"

एरवी मायलेकींचं बोलणं फोनवर होई, भाऊसिंग हॉटेलात गेला की. तेवढ्यावर दिवस निघत होते. मग ते पाण्याचं प्रकरण झालं.

गावात नळाला आठवड्यातून एखाद वेळा पाणी येतं, त्यामुळे पाण्याची वाट लोक जावयासारखी पाहतात. त्या दिवशी भाऊसिंगनं हॉटेलात जाहीर केलं की पाइप फुटला, आज नळ येत नाही. इतक्या ठसक्यात सांगितलं की तीन गल्ल्यांतल्या बाया घागरी पालथ्या घालून हरभऱ्याच्या शेतात निघून गेल्या. आणि नळ आला, चांगला तासभर धो-धो वाहून गेला. त्याचा लंगोटीयार फुलचंद संध्याकाळी हॉटेलात आला तो बायकोची बोलणी पोटभर खाऊन आला होता. सकाळीच त्याच्या मोबाइलवर कुणीतरी गुलाबाच्या फुलाखाली छापलेलं सुवचन पाठवलं होतं, ते त्यानं भर हॉटेलात भाऊसिंगवर फेकलं. बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोन वेळा बरोबर असतं, भाऊसिंगला तेवढंही जमत नाही, असं तो म्हणाला. सगळे हसले. सैफुद्दीन तर हसता हसता चहा सांडून बसला.

भाऊसिंग काही बोलला नाही. इथंच सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं.

घरी येऊन तो भिंतीसमोर उभा राहिला. त्या भिंतीवर कुणाच्या तरी लग्नात मिळालेलं घड्याळ होतं, खाली लाल अक्षरात सप्रेम भेट लिहिलेलं. पोळ्याच्या आधीपासून ते सहाला दहा कमीवर थांबलं होतं. सेल बदला म्हणून ललिताबाई मागे लागली होती, पण भाऊसिंगनं निदान केलं होतं की सेल ठणठणीत आहे, मशीन गेलं. बराच वेळ तो त्या काट्यांकडे पाहत राहिला. मग खाटेवर जाऊन पडला आणि जेवायलाही उठला नाही.

दुसऱ्या दिवशी अंधारातच तो अंघोळ करून घड्याळाखाली येऊन उभा राहिला. हातात मोबाइल. मोबाइलवर सहाला दहा कमी झाले तशी त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "दूध उतू चाल्लं."

ललिताबाईनं वळून पाहिलं. खरंच चाललं होतं. ती पातेलं उतरवून वळली तोवर मोबाइलवरचा आकडा बदलला होता आणि भाऊसिंगनं ओठ मिटून घेतले होते. ते उघडले संध्याकाळीच, त्याच घड्याळाखाली, त्याच वेळेला. "लाइन जाते आता," तो म्हणाला. लाइन गेली, घरात अंधार झाला. हिवाळ्यात त्या सुमाराला ती रोजच जाई, पण भाऊसिंगच्या तोंडून निघालेलं आणि खरं झालेलं असं ते एका दिवसातलं दुसरं वाक्य होतं.

असा त्याचा नेम सुरू झाला. घड्याळ ज्या वेळेला बरोबर, त्या वेळेला आपण बोलायचं, एरवी नाही. हॉटेल बंद, पारावरचं बसणं बंद. ललिताबाईला पहिले आठ-पंधरा दिवस तर सण लागल्यासारखं वाटलं. भाजी निवडताना भाजीचा आवाज ऐकू येत होता. चिमण्या आहेत हे कळत होतं. फुलचंद मात्र घाबरून घरी आला. "अबे, ते बोलाची गोष्ट होती! मोबाइलवर आलं, म्हून म्हटलं. कोणी असं धरून बसते काय? वैनी, सांगा याले!" भाऊसिंगनं शांतपणे घड्याळाकडे बोट दाखवलं. दुपारचे दोन वाजले होते. फुलचंद संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिला, तेव्हा त्याला उत्तर मिळालं. "तू खरं बोल्ला होता," भाऊसिंग म्हणाला. फुलचंद डोळे पुसत घरी गेला आणि गावभर सांगत सुटला.

मग लोक येऊ लागले. आधी रीता आली, तिची बकरी हरवली होती म्हणून. "येते वापस," भाऊसिंग म्हणाला, आणि बकऱ्या येतात तशी तीही परत आली. कुणी पोराच्या परीक्षेचं विचारी, कुणी सासूच्या गुडघ्याचं. संध्याकाळी सहाच्या आधी ललिताबाईच्या अंगणात चपला मावेनाशा झाल्या. एकानं तर नारळ आणला. ललिताबाईनं तो परत केला नाही, चटणी केली. पण पुन्हा आणू नका असं बजावून सांगितलं. भाऊसिंग दोन-तीन शब्दांत बोले आणि ते खरं होई. झालं नाही तर लोक ओढूनताणून खरं करून घेत.

लोकांना तो मोठा ज्ञानी वाटू लागला होता. ललिताबाईला तसं वाटत नव्हतं. चाळीस वर्षं ओळखत होती ती त्याला. तिला दिसत होतं की माणूस शहाणा झालेला नाही, फक्त थोडका झाला आहे. दिवसभर ओट्यावर बसून तो एका वाक्याचा विचार करत असे. ते मनात उलटंपालटं करी, शंका असली तर टाकून देई, दुसरं शोधी. एवढं चाळून घेतलेलं बोलणं चुकणार तरी किती? आपण सगळेच असं बोललो तर जगातली अर्धी भांडणं मिटतील, असं तिला एकदा वाटलं. आणि लगेच वाटलं, बोलणंही मिटेल आणि मग आणखी काय काय मिटेल कुणास ठाऊक.

कारण सणाचे दिवस आता सरले होते. घर गप्प झालं तशी तिच्या मनातली आठवण मोठ्यानं बोलू लागली होती. इतकी वर्षं त्याच्या बडबडीत ती दबून राहिली होती. दुपारी जेवायला बसलं की रंजीता कुठं बसायची ते दिसे. त्यात भाऊसिंग हॉटेलात जाईना, म्हणून फोनही होईना. रीताच्या घरी भिंतीआड उभं राहून दोन शब्द बोलावे लागत. आणि रोज दोनदा, घड्याळाखाली तो तोंड उघडायला लागला की ती हातातलं काम टाकून कान देई. आज तरी पोरीचं नाव घेतील. रोज दूध, लाइन आणि लोकांच्या बकऱ्या.

एके संध्याकाळी तिनंच धीर केला. लोक तोंड उघडायच्या आत ती पुढे झाली आणि म्हणाली, "अवो, रंजीताले बलावू काय?"

भाऊसिंग तिच्याकडे पाहत राहिला. मोबाइल त्याच्या हातात होता, वेळही होती. त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही, आणि पाहता पाहता आकडा बदलला. त्या संध्याकाळी तो कुणालाच काही बोलला नाही. लोक चपला घालून हळूहळू निघून गेले. ललिताबाई चुलीपाशी बसून रडली. रडून झाल्यावर तिच्या लक्षात एक गोष्ट आली. पूर्वीच्या भाऊसिंगला हा प्रश्न विचारला असता तर त्यानं तो पुरा होऊ दिला नसता, नाही म्हणून मोकळा झाला असता. आज त्यानं नाही म्हटलेलं नाही. त्याला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं रीताच्या घरून फोन लावला. "ये तू," तिनं लेकीला सांगितलं. "बुधवारी ये. आता ते पयलेसारखे नाई राह्यले."

"ये म्हणतीन काय तोंडानं?"

"म्हणतीन."

"मी तीनच्या बसनं येतो, आई. पायरीखाली उभी राहीन. म्हटलं तं घरात येईन, नाई म्हटलं तं पाचच्या बसनं वापस. अन् सांजच्याले थांबत नाई मी. तुमच्या अंगणात सारं गाव जमते म्हणे, त्याईच्या समोर मले तमाशा नाई करा लागत."

फोन ठेवल्यावर ललिताबाईनं बोटांवर हिशोब मांडला. तीनला पोरगी येणार, पाचला जाणार, आणि नवरा बोलणार सहाला दहा कमी असताना. तेव्हा पोरगी अकोल्याच्या वाटेवर पातूरच्या पुढे गेलेली असेल. दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. मग बुधवारी सकाळी, भाऊसिंग आपलं पहाटेचं वाक्य बोलून कधी नव्हे तो शेतात गेल्यावर, ती भिंतीवर पाहत बसली असताना तिला एकदम हसू आलं. घड्याळ बंद होतं, देवाचं थोडंच होतं! तिनं स्टूल आणला, पदर खोचला, वर चढून घड्याळ काढलं आणि मागचं चाक फिरवून काटे तीनवर आणून ठेवले. मग मुगाची डाळ भिजत घातली. मुगाचे वडे हे रंजीताचं खाणं. ती गेल्यापासून या घरात ते तळले गेले नव्हते.

भाऊसिंग बाराला आला. हात-पाय धुताना त्यानं भिजलेली डाळ पाहिली. जेवायला बसताना घड्याळाकडे नजर गेली आणि हातातला घास हातातच राहिला. त्यानं घड्याळ पाहिलं, घड्याळाखाली ती उचलायला विसरली होती तो स्टूल पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. ती ताटात पोळी वाढत राहिली. तो जेवून उठला, स्टूल उचलून जागेवर ठेवला आणि दुसऱ्यांदा अंघोळ करायला गेला. बाहेर आला तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. ललिताबाईला हुंदका आला, तो तिनं वाटणाच्या आवाजात लपवला.

पावणेतीनलाच तो घड्याळाखाली उभा राहिला. तिथून उघड्या दारातून अंगण आणि फाटक दिसत होतं. ललिताबाईनं कढई चढवली. कान रस्त्याकडे. एक ट्रक गेला, दोन मोटरसायकली गेल्या. बसचा हॉर्न काही ऐकू येईना. भाऊसिंग एकदा मोबाइलकडे पाही, एकदा फाटकाकडे.

तीन वाजले. फाटकात कुणी नव्हतं. भाऊसिंगनं दोनदा तोंड उघडून मिटलं. मग तो दिवसभर कशाचा विचार करत होता कोण जाणे, पण जे बोलला ते हेच.

"ते येत नाई आता."

ललिताबाईनं कढई उतरवली. काटे तिनं स्वतःच्या हातानं फिरवले होते. ही खरी वेळ नाही, ही आपणच केलेली आहे, हे तिला कळत होतं. नवऱ्याचं खरं होणं म्हणजे नुसतं थोडकं बोलणं, हेही तिला सगळ्या गावाआधी कळलं होतं. तरी त्या क्षणी तिचा विश्वास बसला. दोन महिने हा माणूस घड्याळाखाली जे बोलला ते झालं होतं, आता हेही होणार. पोरगी येणार नाही. आजच काय, कधीच नाही. ती चुलीपुढे तशीच बसली. भाऊसिंग ओट्यावर जाऊन बसला, इस्त्रीच्या सदऱ्यात, पाठ घराकडे करून. ती पाठ इतकी म्हातारी तिला आधी कधी दिसली नव्हती.

असा बराच वेळ गेला. मग फाटकाची कडी वाजली.

"घाटात बस बसली होती," बाहेरून आवाज आला. "टायर बदलून राह्यले होते."

ललिताबाई धावत दारात आली. रंजीता अंगणातून चालत येऊन पायरीखाली थांबली. हातात पिशवी, केस धुळीनं भरलेले, अंगानं थोडी भरलेली. "बाबा," एवढंच ती म्हणाली. तिचं जे सांगायचं ते तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

भाऊसिंग उभा राहिला. त्यानं वळून आत घड्याळाकडे पाहिलं. तीन केव्हाच होऊन गेले होते. त्यानं पोरीकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. ललिताबाईच्या जिभेवर आलं होतं, बोला ना आता, आग लागो त्या घड्याळाले! पण तिनं ओठ चावला. तिनं बोलायचं आणि त्यानं ऐकायचं असं हे काम नव्हतं. रंजीतानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिचा चेहरा हळूहळू कडक होत चालला होता, अगदी बापासारखा.

आणि मग भाऊसिंगच्या तोंडावर काहीतरी उमटलं. ललिताबाईला आधी ते रडू वाटलं. ते हसू होतं. तो पायऱ्या उतरून खाली आला, पोरीच्या समोर.

"चुकलो मी," तो म्हणाला. वापरात नसलेल्या आवाजात, पण मोठ्यानं. "आता म्हटलं होतं तुह्या मायले, ते येत नाई. चुकलो. तवा म्हटलं होतं रडत येशीन, तवाबी चुकलो. सारंच चुकलो, बाई. ये. ये, घरात ये."

रंजीताच्या हातातली पिशवी खाली पडली. ती बापाच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर डोकं ठेवून रडू लागली, आणि तो तिच्या धुळीच्या केसांवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "चुकलो न. चुकलो." एखाद्या माणसाला आपलं खोटं ठरणं इतकं गोड लागावं, हे ललिताबाईनं पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, या एका शब्दासाठी आपण आयुष्यभर कान लावून बसलो, आणि तो आला तेव्हा किती साधा होता.

मग जे तोंड सुटलं ते सुटलंच. दोन महिन्यांचं साठलेलं होतं. रंजीता वडे खात होती आणि भाऊसिंग तिला सांगत होता की अकोल्यात मंडपाच्या धंद्यात पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत, लहान पोरीला कोणत्या शाळेत घालावं, घाटात बस का बसते आणि त्यात ड्रायव्हरची चूक कशी असते. त्यातलं एकही खरं नसावं. संध्याकाळचे लोक अजून यायचे होते, घर आपलं होतं. रंजीतानं मधेच मोबाइल पाहिला आणि ती उठू लागली. "आई, पाचची बस..."

"पाचची?" भाऊसिंग जुन्याच ठसक्यात म्हणाला. "पाचची बस बुधवारी येत नसते. बस खाली."

तेवढ्यात स्टँडवर हॉर्न वाजला. लांबलचक, दोनदा. मग गिअर बदलल्याचा आवाज आला आणि बस अकोल्याच्या दिशेनं निघून गेली. घरात ती तिघांनीही ऐकली. रंजीतानं आईकडे पाहिलं.

"बाबा म्हणतात तं नसन येत," ललिताबाई म्हणाली, आणि तिनं कढईत आणखी वडे सोडले.